वन-एलसाठी सप्लिमेंट: ई अँड ई, क्विम्बी, तयार आउटलाइन की फुकटातलं कॅली?

यंदा अमेरिकेत लॉ स्कूल सुरू होतंय अशा ओळखीतल्या तिघाचौघांनी मला एकच विचारलं, की केसबुकं घ्यावीच लागणार पण सोबत सप्लिमेंट, म्हणजे अभ्यासाचं पूरक पुस्तक किंवा साधन, कोणतं घेऊ. माझं पहिलं वर्ष, म्हणजे तिकडच्या भाषेत वन-एल, झालंय आणि मी यात बऱ्यापैकी पैसे घालवलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी सप्लिमेंट लागतंच का ते बघा. केसबुक म्हणजे आपल्याला सवय असते तसं पाठ्यपुस्तक नाहीच. आत निकालांचे कापलेले तुकडे आणि खाली प्रश्न, उत्तरं कुठेच नाहीत. हार्वर्डच्या लँगडेलने १८७१ मध्ये काँट्रॅक्ट्सचं असं पहिलं केसबुक काढलं आणि गाडी अजून त्याच रुळावर आहे. वर्गात रोज केसवर कोल्ड कॉल, म्हणजे प्रोफेसर न सांगता कुणालाही प्रश्न विचारणार, पण ग्रेड बहुतेक विषयांत शेवटच्या एका परीक्षेवर आणि तोही कर्व्हवर, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत, आणि त्या परीक्षेत केस कोणी विचारतच नाही, दोनतीन पानांची एक भानगड देतात आणि त्यात कायद्याचे कुठले कुठले मुद्दे निघतात ते शोधून लिहायचे. म्हणजे सेमिस्टरभर सराव एकाचा आणि परीक्षा भलत्याचीच. मधल्या या खड्ड्यासाठी सप्लिमेंट.

आता एकच केस घेऊन सगळे प्रकार तिला लावून बघू. टॉर्ट्समधली, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या विषयातली, पाल्सग्राफ, न्यूयॉर्क, १९२८. एक माणूस सुटत चाललेली गाडी पकडायला धावतो, रेल्वेचे गार्ड त्याला आत ओढतात-ढकलतात, त्याच्या काखेतलं पुडकं पडतं, त्यात निघतात फटाके, स्फोट होतो आणि प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाचा वजनकाटा पाल्सग्राफ बाईंच्या अंगावर पडतो. रेल्वे जबाबदार का? न्यायाधीश कार्डोझो म्हणतो नाही, या बाईंना धोका होईल हे कुणाच्या ध्यानातही येण्यासारखं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याबाबतीत ड्यूटीच, म्हणजे काळजी घेण्याची जबाबदारीच, नाही. दुसरा न्यायाधीश अँड्र्यूज विरोधात लिहितो की ड्यूटी सगळ्यांप्रतीच असते, भांडायचं ते प्रॉक्सिमेट कॉजवर, म्हणजे नुकसान त्या चुकीशी कितपत जवळून जोडलेलं आहे यावर.

क्विम्बी ही ऑनलाइन साइट उघडली तर हे सगळं छोट्या ब्रीफमध्ये, म्हणजे केसच्या सारांशात, मिळतं, फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग, रीझनिंग, वर छोटा व्हिडिओ. रात्री साडेअकरा वाजता उद्याच्या चार केसेस राहिल्या असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही, खरं सांगते. पण यातून कोल्ड कॉल निभावतो, परीक्षा नाही, कारण कार्डोझोने ड्यूटी म्हटलं आणि अँड्र्यूजने कॉज म्हटलं यातला फरक डोक्यात बसायला मूळ निकाल एकदा तरी स्वतः चावावा लागतो. त्यांच्याकडे सरावाचे प्रश्नही आहेत पण बहुतेक लोक (मी पण) तिथपर्यंत पोचतच नाहीत. वर ते सबस्क्रिप्शन, म्हणजे सुट्टीतही पैसे कापले जातात आणि लक्षात राहत नाही.

आउटलाइन म्हणजे अख्ख्या विषयाच्या मुद्देसूद नोट्स, आणि तयार विकत मिळणाऱ्या म्हणजे इमॅन्युएल, गिल्बर्ट वगैरे. यात पाल्सग्राफ म्हणजे मोठ्या सांगाड्यातल्या दोन ओळी, फोरसीएबल प्लेंटिफ (ज्याला धोका होईल हे आधी दिसू शकतं असा दावेदार) या मथळ्याखाली. याचा फायदा एवढाच की विषयाचा नकाशा दिसतो, कुठल्यानंतर काय येतं ते कळतं, आणि इमॅन्युएलमध्ये तुमच्या केसबुकचं कुठलं पान त्यांच्या कुठल्या पानाशी जुळतं याचा तक्ता असतो. पण हे शाळेतल्या गाईडसारखं आहे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं. मी पहिल्या सेमिस्टरला असं एक जाडजूड आउटलाइन विकत घेतलं, रंगीबेरंगी हायलाइट केलं, आणि ऑक्टोबरमध्ये प्रोफेसरांची जुनी परीक्षा सोडवायला घेतली तर अर्धा तास पहिला परिच्छेदच लिहिता येईना. दोष पुस्तकाचा नव्हता. आउटलाइन बनवता बनवता जो विचार होतो तोच अभ्यास असतो आणि तो मी दुसऱ्याकडून विकत घेतला होता.

मग एक्झाम्पल्स अँड एक्स्प्लनेशन्स, सगळे ई अँड ईच म्हणतात. थोडं स्पष्टीकरण, मग छोटी छोटी उदाहरणं, मग त्यांची सविस्तर उत्तरं. इथे तुम्हाला पाल्सग्राफ सांगत बसत नाहीत, तसलीच दुसरी भानगड पुढे टाकतात आणि विचारतात आता सांगा. उत्तर आधी कागदावर लिहून मगच पान उलटायचं, नाहीतर याचंही गाईडच होतं. सिव्हिल प्रोसीजर (सिव्ह प्रो, दिवाणी खटला चालवण्याचे नियम) आणि टॉर्ट्स या दोन्हींची ई अँड ई जोसेफ ग्लॅनन यांची आहेत आणि सिव्ह प्रोसाठी तर दुसरा विचारच करू नका, कारण पर्सनल ज्युरिस्डिक्शन (कोर्टाचा कुणावर अधिकार चालतो) आणि ईरी (फेडरल कोर्टाने राज्याचा कायदा कधी लावायचा) हे नुसत्या केसेस वाचून मला तरी कळले नाहीत. मल्टिपल चॉइस घेणारा प्रोफेसर असेल तर त्याच नावाची ग्लॅनन गाईड मालिका बघा, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘क्लोझर’ नावाचा एक जड प्रश्न असतो, तो सुटला की समजायचं जमतंय.

आणि कॅली, म्हणजे ऑनलाइन सरावाचे धडे. १९८२ मध्ये मिनेसोटा आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलांनी सुरू केलेली विनानफा संस्था, अमेरिकेतली जवळजवळ सगळी लॉ स्कूलं सभासद आहेत, त्यामुळे कॉलेजकडून कोड घ्यायचा की झालं. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण प्रॉपर्टीच्या फ्यूचर इंटरेस्ट्ससाठी (जमिनीवरचे पुढे कधीतरी मिळणारे हक्क) याला तोड नाही. एक नमुना सांगते. जमीन ए ला हयातभर, मग बी ला, पण बी जर ए च्या आधी गेला तर सी ला. इथे बी ला मिळतो व्हेस्टेड रिमेंडर, म्हणजे आत्ताच पक्का हक्क, जो हातातून जाऊ शकतो, आणि सी ला एक्झिक्युटरी इंटरेस्ट, म्हणजे बी चा हक्क तोडून येणारा. आता तेच असं लिहा: ए ला हयातभर, मग बी ए च्या मागे जिवंत राहिला तर बी ला, नाहीतर सी ला. झाले दोघांचेही कंटिंजंट रिमेंडर, म्हणजे अट पुरी झाली तरच मिळणारे! माणसं तीच, अर्थही जवळपास तोच, फक्त अट बी च्या वाक्यात घातली की नंतर ‘पण’ लावून जोडली एवढ्यावर सगळं फिरतं. हे वाचून येत नाही, पाढ्यांसारखं घोकावं लागतं, आणि त्यासाठी चुकलं की लगेच चुकलं म्हणणारं काहीतरी हवं. ते कॅली करतं, फुकटात.

हॉर्नबुक आणि नटशेल झटपट सांगते. हॉर्नबुक म्हणजे एका विषयावरचं जाड संदर्भपुस्तक, शंका आली की लायब्ररीत उघडून तेवढाच भाग वाचायचा. नटशेल म्हणजे विषयाची छोटी ओळख, सेमिस्टरच्या आधी चाळायला ठीक. क्रिमिनल लॉला मात्र ड्रेसलर यांचं पुस्तक वाचनीय आहे, मॉडेल पीनल कोड (राज्यांसाठी तयार केलेला नमुना फौजदारी कायदा) आणि कॉमन लॉ (निकालांतून घडलेला कायदा) शेजारी शेजारी ठेवून समजावतात, आणि तो विषय निम्मा त्या फरकातच आहे.

जुनी आवृत्ती चालेल का, हे विषयावर आहे. काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, प्रॉपर्टी बिनधास्त जुनी घ्या, पाल्सग्राफ काही बदलत नाही. सिव्ह प्रोमध्ये जरा जपून, पर्सनल ज्युरिस्डिक्शनवर २०२१ चा फोर्डचा आणि २०२३ चा मॅलरीचा निकाल आत आहे ना बघा, आणि डिस्कव्हरीचा (खटल्याआधी एकमेकांकडून माहिती-कागदपत्रं मागण्याचा) नियम २६ हा २०१५ च्या डिसेंबरात बदलला, त्याआधीची प्रत रद्दीत द्या. कॉन लॉ, म्हणजे संविधानाचा कायदा, जुनं अजिबात नको, २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताच्या हक्काचा रो निकाल उलटवला आणि त्या प्रकरणाची जुनी पानं आता इतिहास म्हणून वाचायची.

तर मी आज सुरुवात करत असते तर ऑगस्टमध्ये काहीच विकत घेतलं नसतं. आधी लायब्ररीच्या साइटवर बघा, बऱ्याच लॉ स्कूलांकडे वेस्ट आणि ॲस्पेन प्रकाशनांच्या या मालिका ऑनलाइन असतात आणि तुमच्या फीमधूनच त्याचे पैसे गेलेले असतात. चौथ्यापाचव्या आठवड्यात कुठला विषय डोक्यावरून जातोय ते आपोआप कळतं, तेवढ्याच एका-दोन विषयांची ई अँड ई घ्या, बाकी कॅली. क्विम्बी घ्यायचंच तर पहिल्या सेमिस्टरपुरतं. तयार आउटलाइनपेक्षा त्याच प्रोफेसरांकडे शिकलेल्या सीनियरचं आउटलाइन मागा, तेही स्वतःचं बनवून झाल्यावर ताडून बघायला. आणि एक, तुमच्या प्रोफेसरांचं आणि सप्लिमेंटचं पटलं नाही तर परीक्षेत प्रोफेसरांचंच लिहा. आमच्याकडे एकाने ड्यूटीवर अख्खं पान अँड्र्यूजच्या बाजूने लिहिलं होतं, आणि आमचे सर पक्के कार्डोझोवाले.