भगंदरावर क्षारसूत्र : नऊ गुरुवार आणि त्यानंतरचे नऊ महिने

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय 47. भगंदर म्हणजे गुदद्वाराजवळ पुवाने पाडलेली बोगद्यासारखी वाट आणि क्षारसूत्र म्हणजे त्या वाटेत ओवायचा, औषधी लेप दिलेला दोरा. माझे शेवटचे क्षारसूत्र मार्च 2025 मध्ये गळून पडले, त्याला आता नऊ महिने झाले. लिहायला मुद्दाम इतके दिवस थांबले, कारण जखम भरली म्हणजे भगंदर बरा झाला असे नसते, हे आधीच्या शस्त्रक्रियेनंतर मी सोसले आहे.

दुखणे सुरू झाले ते 2023 च्या गणपतीत. गुदद्वाराच्या मागच्या बाजूला गळू आले, ताप भरला, खुर्चीवर टेकणेही अशक्य झाले. गळू फुटले तसा आराम पडला. पण पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागी पुन्हा पुटकुळी, पुन्हा पू आणि पुन्हा आराम, असे चक्र सुरू झाले. चार-पाच महिने मी ते मूळव्याध समजून मलम लावत राहिले. घरातही कुणाला सांगितले नाही. शाळेत रोज पॅड लावून जात होते आणि फळ्याकडे वळताना साडीला डाग तर पडला नसेल ना, एवढाच विचार मनात असे. गुदमार्गाच्या आतल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग होतो, तिथला पू बाहेर वाट काढतो आणि गळू फुटून गेल्यावरही ती वाट बोगद्यासारखी उघडी राहते, हे मला फार उशिरा कळले. ज्यांना एकाच जागी वारंवार गळू येते, त्यांनी मलमात दिवस घालवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याआधी एम.आर.आय. काढला गेला नाही. बाहेरचे तोंड आणि वाटेचा काही भाग कापून काढला, पाच-सहा आठवड्यांत जखम भरली आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पू आला. पुढे एम.आर.आय. झाला तेव्हा कारण समजले. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे पाहिले तर सहाच्या जागी असलेले आतले तोंड तसेच राहिले होते. ते तोंड राहिले, तर बाहेरून कितीही स्वच्छ कापले तरी रोग परत येतो.

नंतर मी दोन मते घेतली. पुण्यातल्या शल्यचिकित्सकांनी अर्धा तास देऊन समजावले. वाट गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या खालच्या थोड्याच भागातून जात असल्यामुळे ती उघडी करणे शक्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे दोन स्नायूंच्या मधल्या जागेत वाट बांधून तोडण्याची ‘लिफ्ट’ शस्त्रक्रिया, जिच्यात स्नायू कापला जात नाही, पण रोग परत येण्याची शक्यता राहते. लेझरविषयीही मी विचारले. त्यातही स्नायू वाचतो, मात्र खात्री कमी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एवढ्या प्रामाणिकपणे बोलणारे डॉक्टर भेटले, याचे मला समाधान वाटले.

दुसरे मत शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेत, एम.एस. झालेल्या वैद्य बाईंचे. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासली आणि वाटेतला तुकडा क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवायचे ठरवले. मग म्हणाल्या, “ताई, ही वाट पुढच्या बाजूला असती तर मी कापणारा दोरा इतक्या सहज बांधला नसता. बायकांचा पुढचा स्नायू आखूड असतो.” या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. सुश्रुतांनी भगंदराला आठ महागदांमध्ये गणले आहे, त्यामुळे आयुर्वेदाला हा रोग नवा नाही. पण मी निर्णय घेतला तो भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून. तिच्यात वर्षभरात रोग परत येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के, तर क्षारसूत्रानंतर 4 टक्के होते. भरून येण्याचा काळ मात्र क्षारसूत्रात आठ आठवडे आणि शस्त्रक्रियेत चार, म्हणजे दुप्पट. मला तो वेळ देणे शक्य होते, कारण मधल्या काळात शाळा बुडणार नव्हती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी कमरेत भूल देऊन पहिला दोरा घातला. हा दोरा मी नीट पाहिला आहे. बंद काचनळीतून काढलेला, हळदीमुळे पिवळसर, तारेसारखा ताठ आणि बोटाला खरखरीत. शस्त्रक्रियेच्या लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, चीक आणि हळदीचे तीन, असे एकवीस लेप एकेक वाळवून दिलेले असतात. वाटेतून ओवून त्याची गाठ बाहेर बांधतात. तो आतून हळूहळू कापत जातो आणि मागची जागा भरत येते.

दर गुरुवारी जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घेत. ते दोन मिनिटांचे काम, पण ती दोन मिनिटे कठीण असतात. सुन्न करणारी जेली लावूनही डोळ्यांत पाणी येई आणि त्या रात्री आग होई. शुक्रवारी दुपारपर्यंत ती ओसरत असे. काढलेला दोरा बाई गॉजवर मोजपट्टीशेजारी ठेवून मोजत आणि मला दाखवत. पहिला 6.2 सेंटिमीटर, मग 5.4, मग 4.7. रोग सेंटिमीटरने कमी होताना दिसणे हा फार मोठा धीर होता. लग्नकार्यामुळे एकदा अकरा दिवसांनी गेले, तेव्हा दोरा सैल पडला होता आणि त्या खेपेला लांबी फारशी उतरली नव्हती. दर आठवड्याला न चुकता जाता येत नसेल, तर हा उपचार सुरू करू नये.

या काळात स्राव वाढतो आणि वासही येतो, हे आधी कुणी सांगितले असते तर मी घाबरले नसते. दिवसातून दोनदा आणि प्रत्येक शौचानंतर पंचवल्कलाच्या (पाच झाडांच्या सालींच्या) काढ्याच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बसणे, रात्री इसबगोल आणि जखमेवर जात्यादि तेल, एवढी माझी दिनचर्या होती. शाळेला फक्त पहिले तीन दिवस सुट्टी घेतली. दोरा घालणे आणि एक रात्र राहणे यांचे अठ्ठावीस हजार, दर बदलाचे आठशे आणि एम.आर.आय.चे साडेसात हजार, असा माझा खर्च झाला.

‘बिना ऑपरेशन, बिना कापता’ अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि त्या मला चुकीच्या वाटतात. क्षारसूत्र ही शस्त्रक्रियाच आहे, फक्त संथ. स्नायू त्यातही कापला जातो. दोरा गळाल्यावर सुमारे दीड महिना वायू रोखणे मला थोडे अवघड जात होते. मग ते पूर्ववत झाले. शौचावरचे नियंत्रण एक दिवसही गेले नाही. वाट उंच असेल, तिला फाटे असतील किंवा आतड्याचा क्रोन्ससारखा आजार असेल, तर माझा अनुभव लागू होईलच असे नाही.

आज तिथे बोटाला लागेल एवढा कडक व्रण आहे, पू नाही. तुकड्याच्या तपासणीत क्षयरोग निघाला नाही. मार्च 2026 मध्ये वर्ष पूर्ण होईल तेव्हा बाईंनी तपासणीला बोलावले आहे. ती झाली की इथेच निकाल लिहीन, तो चांगला असो वा नसो.