सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ : वापरानंतरचा अनुभव

मशीन आधी सांगतो. आय५-६२००यू प्रोसेसर, म्हणजे इंटेलची सहावी पिढी. ८ जीबी रॅम आणि साटा एसएसडी. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते, सातवीतले अगदी मोजके प्रोसेसर चालतात. विंडोज ११ला लागणारं टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड जपणारी सुरक्षा सोय) माझ्याकडे होतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘पीटीटी’ नावाने बंद पडून होतं इतकंच. मशीन सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारं सिक्युअर बूटही होतं. गाडी अडली ती फक्त प्रोसेसरच्या यादीवर. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे ठरलेलं होतं आणि लॅपटॉप ठणठणीत होता, म्हणून मुदत संपायच्या थोडं आधीच विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती टाकली.

इन्स्टॉलेशनवर लोक पानंच्या पानं लिहितात, पण त्यात फारसं काही नाही. रुफस या प्रोग्रामने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह करताना अटी काढून टाकायच्या चौकटीवर खूण करायची, बाकी सगळं नेहमीसारखं. ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ, व्हिडिओ कॉल या कामांत विंडोज १०च्या तुलनेत मला फरक जाणवला नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, आधी एसएसडी बसवा.

खरी मेख आहे ‘मेमरी इंटिग्रिटी’मध्ये. विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमध्ये हा पर्याय सापडतो. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, खोटा कोड घुसू नये म्हणून ड्रायव्हरची तपासणी एका वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात होते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून या कामाला प्रोसेसरचाच हातभार मिळतो. सहाव्या पिढीत ती सोय नाही, त्यामुळे तेच काम सॉफ्टवेअरला करावं लागतं आणि त्याचा भार सगळ्या मशीनवर पडतो. मी हट्टाने चालू करून पाहिलं. आधी ते चालूच होईना. एका जुन्या टचपॅड ड्रायव्हरचं नाव दाखवून नकार आला. तो ड्रायव्हर काढला, विंडोजचा साधा ड्रायव्हर बसला, तीन बोटांचे इशारे गेले आणि मग एकदाचं चालू झालं. त्यानंतर दहा-बारा टॅब उघडले की पंखा घोंघावायला लागायचा आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर रेंगाळत यायचं. काही दिवस सोसलं, मग बंद केलं. म्हणजे प्रोसेसरची यादी निव्वळ नवे लॅपटॉप खपवण्यासाठी केली, हे तितकंसं खरं नाही. तिच्यामागे सुरक्षेचं कारण आहे, आणि जुन्या मशीनवर ती सुरक्षा किंवा वेग यातलं एक सोडावं लागतं. मी वेग निवडला. बँकेची कामं मात्र या लॅपटॉपवर करत नाही.

व्हिडिओचं गणित वेगळं. एच२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ साठवायच्या पद्धती ग्राफिक्स चिप सहज पेलते. एव्ही१ ही नवी पद्धत तिला येत नाही, सगळा बोजा प्रोसेसरवर जातो. यूट्यूबवर एच२६४च मागून घेणारं एक एक्स्टेन्शन टाकलं आणि पंखा गप्प झाला.

एका बाबतीत हा म्हातारा नव्यांना भारी पडतो, ती म्हणजे झोप. नव्या लॅपटॉपमधल्या मॉडर्न स्टँडबायमध्ये मशीन अर्धवट जागं राहतं आणि बॅगेतच तापून बॅटरी संपवल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात. इथे मशीन जवळपास पूर्ण थांबवणारी जुनी एस३ स्लीप अजून शाबूत आहे. रात्री झाकण लावलं की सकाळी बॅटरी जवळपास तिथेच.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचे सिक्युरिटी अपडेट आजवर न चुकता आले. पुढेही येतील याची हमी मात्र मायक्रोसॉफ्ट देत नाही. वार्षिक आवृत्ती आपणहून येईल म्हणून मी वाट पाहिली, ती आली नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचा सपोर्ट असतो. २४एच२चा ऑक्टोबर २०२६मध्ये संपतो. त्यामुळे २५एच२वर स्वतःच जावं लागलं: डिस्कची इमेज (पूर्ण प्रत) काढून ठेवली, आयएसओ (विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल) उतरवला, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, असमर्थित प्रोसेसरला परवानगी देणारी नोंद केली आणि सेटअप चालवला. मध्ये एक खलिता समोर येतो: तुमचं मशीन अटींत बसत नाही, अपडेट मिळण्याचा हक्क नाही, काही बिघडलं तर वॉरंटीत धरणार नाही. तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सगळं झाल्यावर फाइली जागच्या जागी होत्या, ब्लूटूथ मात्र गायब. उत्पादकाच्या साइटवरचा विंडोज १०चा ड्रायव्हर टाकल्यावर ते परतलं. काही बिनसलं तर मागे जायला दहा दिवस मिळतात, तेवढ्यात सगळी उपकरणं एकेक करून तपासून घ्या.

कोअर २ ड्युओ या याहून खूप जुन्या इंटेल प्रोसेसरवाल्यांनी खटपट करू नये. २४एच२पासून पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या सूचना प्रोसेसरमध्ये असाव्याच लागतात, त्याला कुठलीही युक्ती चालत नाही. तिथे लिनक्स बरं.

माझं पाहून एका मित्राने आईच्या लॅपटॉपवरही हेच करून मागितलं. मी नाही म्हटलं. वर्षाला एकदा आयएसओ घेऊन कोण बसणार? त्यांचं विंडोज १० तसंच ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून दिली. ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत पुरतील, तोवर नवा लॅपटॉप बघायचा असं मित्राशी ठरलंय.