कॉम्बॅटचे हाऊस रूल: कुठला घ्यायचा, कुठला राहू द्यायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळाचं नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) ठरलं की पहिल्या सेशनच्या आधी कुणीतरी विचारतंच, "क्रिटला काय रूल आहे आपला?" हाऊस रूल म्हणजे आपल्या टेबलावर आपणच ठरवलेले नियम, आणि मी इथे खेळाची पाचवी एडिशन, २०१४ ची, धरून बोलतोय.

क्रिटच आधी घेऊ कारण भांडणं तिथेच होतात. क्रिट म्हणजे हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर २० पडून बसलेला जबर वार. पुस्तकात काय, २० पडला की डॅमेजचे (किती मार बसला त्याचे) फासे दुप्पट टाका. मग दोन्हीवर १ पडतो आणि टाकणाऱ्याचं तोंड बघवत नाही, म्हणून लोक काय करतात, अर्ध्या फाशांचा थेट कमाल आकडा धरतात आणि उरलेले टाकतात. लाँगस्वोर्डच्या आठ बाजूंच्या फाशांची सरासरी ९ वरून १२.५ वर जाते, मजा येते, मीही बरेच दिवस हेच चालवलं. पण गॉब्लिनलाही हाच रूल मिळतो ना! त्याचा वार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक २), समोर पहिल्या लेव्हलचा विझर्ड, हिट पॉइंट (किती मार झेपतो तो आकडा) ८. पुस्तकाप्रमाणे क्रिट बसला तर ३६ पैकी १० वेळा तो पायावर उभा राहतो. कमालवाल्या रूलमध्ये ६, वर कमीत कमी १, वर २, झाले ९, म्हणजे दर वेळी आडवाच. गॉब्लिन तसाही तीन राऊंडचा पाहुणा, मार कॅम्पेनभर खायचाय तो हिरोंनी. त्यामुळे हा रूल हवाच असेल तर तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर चालू करा. फक्त खेळाडूंनाच द्यायचा हाही पर्याय आहे, मला तो लाडोबा वाटतो पण चालतो.

फ्लँकिंगमध्ये (दोघांनी शत्रूच्या विरुद्ध बाजूंना उभं राहणं) अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणं) की सरळ +२? मी +२ वाला. वार बसायला फाशावर ११ लागत असेल तर अॅडव्हान्टेजने ५० टक्क्यांचे ७५ होतात, म्हणजे +५ मिळाल्यासारखंच, आणि तेही फक्त समोरासमोर उभं राहून. शत्रूच्या टप्प्यातच राहून गोल फिरलं तर अपॉर्च्युनिटी अटॅकही (टप्प्याबाहेर जाताना शत्रूला मिळणारा जादा वार) बसत नाही, मग कोण नाही फिरणार, आणि बिचाऱ्या बार्बेरियनने रेकलेस अटॅक (स्वतः उघडं पडून अॅडव्हान्टेज मिळवणं) घ्यावा कशाला?

१ पडला की तलवार हातातून निसटते वगैरे, ते नकोच. पहिल्या लेव्हलच्या फायटरला टर्नमागे ५ टक्के धोका, विसाव्या लेव्हलला चार वार असतात तर साडेअठरा. जितका पट्टीचा योद्धा तितका जास्त धडपडतो!

राहिला इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत आधी कोण खेळणार ते ठरवणारा फासा. प्रत्येकाचा वेगळा की पूर्ण बाजूचा एकच फासा? तीन-चार जण असाल तर वेगळाच ठेवा. सहा-सात असाल तर बाजूचा, कारण आपली टर्न येईपर्यंत लोक मोबाइल काढतात, आणि एकत्र टर्न असली की "तू दार धर, मी आगीचा गोळा टाकतो" असं बोलणं आपोआप होतं. तोटा एकच पण मोठा, जी बाजू आधी जाते ती समोरच्याला हलूच देत नाही. चार ओगर (धिप्पाड राक्षस) आधी आले आणि चौघं एकावरच तुटून पडले, प्रत्येकी सरासरी १३, हिशोब तुम्हीच करा. आमच्याकडे असा एक पॅलाडिन लढाईतलं पहिलं वाक्य बोलायच्या आत आडवा झाला, त्यानंतर पहिल्या राऊंडला सगळे आपापला फासा टाकतात आणि दुसऱ्यापासून बाजूचा धरतो.