केळीला जीवामृत की शिंगखत?

दोन्हींची कृती बहुतेकांना तोंडपाठ असते. रावेर-यावलच्या केळीवाल्याला खरा फरक कळतो तो ठिबकवर.

जीवामृताचं गणित सोपं आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. दोन-तीन दिवस सावलीत मुरू द्यायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. एकरी एक ड्रम, महिन्यातून एक-दोनदा. जमीन भुसभुशीत होते, गांडुळं वर येतात, हे नाकारत नाही.

पण शेणातले तंतू आणि बेसनाचा चोथा ड्रिपरच्या बारीक वाटेत अडकतो. दुहेरी फडक्याने गाळा, ड्रम निवळू द्या, तळ सोडून मधलंच पाणी नळीने ओढा, तरी गूळ-बेसनाचा बुळबुळीत थर नळ्यांच्या आत धरतोच. जीवामृतानंतर किमान पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी सोडून नळ्यांची टोकं उघडावी लागतात. एवढं केलं नाही तर शेवटची झाडं तहानलेली राहतात, आणि मे महिन्यात हे पान वाळल्यावरच लक्षात येतं. मग क्लोरीन सोडा, म्हणजे ज्या जिवाणूंसाठी खटाटोप केला त्यांच्यावरच घाला. पाटपाण्याच्या काळी हा प्रश्नच नव्हता. दांडात धार सोडली की काम झालं.

शिंगखताची कल्पना बायोडायनॅमिक शेतीचे जनक, ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतली. दुभत्या गाईचं ताजं शेण गाईच्या शिंगात भरून आश्विनात पुरायचं, चैत्राच्या सुमारास काढायचं. शिंगाचं तोंड खाली ठेवा. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर शेण हिरवं, वास मारणारं राहतं. नीट झालेलं खत काळसर, ओल्या मातीच्या वासाचं असतं. आपल्या उन्हाळ्यात ते कोरडं पडतं, म्हणून मातीच्या मडक्यात, गार खोलीत ठेवा.

एकरी २५ ते ३० ग्रॅम, १३ ते १५ लिटर पाण्यात, तासभर घुसळायचं: खोल भोवरा पडेपर्यंत एका दिशेने, मग तो मोडून उलट. संध्याकाळी, ओल्या जमिनीवर, लगेच शिंपडायचं. कृष्णपक्ष पाहून चालत नाही. चंद्र दक्षिणेकडे सरकतानाचे दिवस धरतात. चंद्रामुळेच गुण येतो असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो तास नामस्मरणाला चांगला आहे, आणि ठिबकला हातही लागत नाही. माझा कल इकडेच.

मात्र शिंगखताने केळीचं पोट भरत नाही. शेणखत आणि पालाश वेगळं द्यावंच लागतं; जीवामृतवाल्यांनाही यातून सुटका नाही. आठ-दहा एकर असतील तर घुसळायला माणसं लागतील, तेही धरून चला.

येत्या मृगबागेला, म्हणजे जून-जुलैत लावायच्या केळीला, शिंगखत हवं असेल, तर शिंगं आधीच्या आश्विनात पुरलेली हवीत. नसतील तर यंदा जीवामृतच वापरा, फक्त ठिबकातून नको, बादलीने बुंध्याशी.