मासळीच्या डीएनएचं सँगर सिक्वेन्सिंग बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं, त्याचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात शिकवते. यंदा एमएस्सी झूऑलॉजीच्या मुलांनी मासळीच्या डीएनए बारकोडिंगचा, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याचा, प्रोजेक्ट घेतला. मिरकरवाड्याच्या जेटीवरून आणि बाजारातून नमुने गोळा केले, डीएनए काढणं, पीसीआर (हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणं), जेल (त्या प्रती नीट आल्या का ते पट्ट्यांवरून, म्हणजे बँडवरून बघणं) हे सगळं आमच्याकडेच झालं, पण सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारं मशीन, काही आपल्यासारख्या कॉलेजांना परवडणारी वस्तू नाही त्यामुळे २४ पीसीआर प्रॉडक्ट पुण्यातल्या एका खासगी लॅबला पाठवले. लॅबचं नाव लिहीत नाही, एका बॅचवरून कुणाला चांगलं वाईट ठरवणं मला पटत नाही. पण सर्व्हिस घेताना काय बघायचं हे नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांना कळावं म्हणून लिहितेय.

रेट एका रिॲक्शनला ३८० रुपये, जीएसटी वेगळा. प्रत्येक नमुना दोन्ही बाजूंनी वाचून घेतला म्हणजे ४८ रिॲक्शन झाल्या. एकाच बाजूने वाचलं तर खर्च निम्मा होतो आणि बरेचजण तेच करतात, पण करू नका. सँगरच्या रीडमध्ये (एका वाचनात) पहिले ३०-४० बेस (डीएनएची अक्षरं) धड येत नाहीत आणि शेवटाकडे सिग्नल ढासळत जातो, आमचा सीओआय या माइटोकाँड्रियातल्या, बारकोडिंगला वापरतात त्या जीनचा तुकडा ६५५ बेसचा, त्यामुळे फॉरवर्डची खराब सुरुवात रिव्हर्सच्या चांगल्या भागातून भरून काढता आली.

आता चांगली गोष्ट आधी सांगते. नमुने पोचल्यावर त्यांनी आपणहून जेल रन केली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, मॅडम तुमच्या एका नमुन्यात दोन बँड दिसतायत, असंच सिक्वेन्सिंगला लावलं तर काही वाचता येणार नाही, परत करून पाठवता का. हा फोन केला नसता तरी त्यांना पैसे मिळालेच असते! आम्ही पीसीआरमधलं ॲनिलिंगचं, म्हणजे प्रायमर (कॉपी सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटण्याचं तापमान ५४ वरून ५६ केलं, एकच बँड आला, तो पाठवला आणि रीड स्वच्छ आला. दुसऱ्या एका नमुन्याला सिग्नलच नव्हता, तो त्यांनी फुकट परत रन करून दिला. एवढ्यासाठी मी परत त्यांच्याकडे जाईन.

तक्रारी दोन. एक म्हणजे तीन दिवस सांगितलेले, लागले नऊ, आणि मधे एकही मेल नाही, मुलांच्या सबमिशनची तारीख जवळ आलेली त्यामुळे फार ताण झाला. दुसरी जास्त महत्त्वाची. पहिल्यांदा पाठवलं ते फक्त अक्षरांचं टेक्स्ट, ए टी जी सी ची रांग. क्रोमॅटोग्राम (मशीनचा रंगीत आलेख) कुठेय विचारल्यावर म्हणाले ते बहुतेक लोक मागत नाहीत. अहो, तीच तर मूळ वस्तू आहे! मागितल्यावर अर्ध्या तासात दिल्या फायली, पण मागाव्या लागल्या.

का इतकं म्हणतेय ते सांगते. सँगरने १९७७ साली जी पद्धत मांडली तिचा गाभा अजून तोच आहे, डीएनएची नवी साखळी बनत असताना मधे मधे असा न्यूक्लिओटाइड मिसळायचा ज्याला पुढची कडी जोडायला जागाच नाही, मग साखळी तिथेच थांबते. अशा एकेका बेसच्या फरकाचे हजारो तुकडे केशनळीतून पळवायचे आणि टोकाचा रंग लेझरने वाचायचा. ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. ते रंगीत डोंगर म्हणजे क्रोमॅटोग्राम, आणि अक्षरं हा त्यावरून सॉफ्टवेअरने काढलेला अंदाज आहे. डोंगर एकाखाली एक दोन दिसत असतील तरी सॉफ्टवेअर एखादं अक्षर लिहून मोकळं होतं. प्रत्येक अक्षराला क्वालिटीचा आकडा असतो, २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक, हे आकडे टेक्स्टमध्ये येतच नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीने टेक्स्ट तसंच ब्लास्टला (आपला सिक्वेन्स आधीच्या नोंदींशी जुळवून बघणारं ऑनलाइन टूल) टाकलं तर दोन जागी न जुळणारे बेस आले, ती नवीन व्हेरिएशन समजून खूश झाली होती, क्रोमॅटोग्राम उघडला तर दोन्ही जागा रीडच्या सुरुवातीच्या गढूळ भागात.

अजून एक. सिक्वेन्सचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून मधे स्टॉप कोडॉन (प्रोटीन तिथेच थांबवणारी तीन अक्षरं) नाही ना हे बघायचंच, कारण माइटोकाँड्रियाच्या जीनची मोडकी नक्कल न्यूक्लियसमध्येही असू शकते. पण भाषांतराचं सेटिंग पृष्ठवंशीयांच्या माइटोकाँड्रियाचं ठेवा, तिथे टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल), स्टॉप नाही. साध्या सेटिंगवर चांगला सिक्वेन्सही मोडका दिसतो.

निकालांनी मात्र समाधान दिलं. बाजारात सुरमई म्हणून घेतलेल्या सहा तुकड्यांपैकी चार स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन, दोन गुट्टाटस, कापलेल्या तुकडीवरून हे नजरेने सांगणं अवघड. पापलेटचं तर वेगळंच, २०२३ मध्ये राज्यमासा झालेलं आपलं पापलेट पुस्तकांत पांपस अर्जेंटियस लिहिलेलं असतं पण अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी आपल्या बाजूचं पांपस कँडिडस म्हणून वेगळं मांडलंय, आणि ब्लास्टमध्ये दोन्ही नावं वर आली. मुलं त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत लॅबमधून हलली नाहीत.

पाठवणाऱ्यांसाठी, मासा फॉर्मेलिनमध्ये ठेवू नका, डीएनए खराब होतो, कल्ल्याजवळचा किंवा पाठीचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. आमचा पंचविसावा नमुना जुन्या फॉर्मेलिनच्या बरणीतला होता, चार वेळा पीसीआर केला तरी बँड आलाच नाही. प्युरिफिकेशन लॅबच करणार की आपण ते आधी लेखी विचारा, उरलेले प्रायमर राहिले की दुहेरी पीक येतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. बांगड्याचे नमुने मासेमारी बंदी उठली की यांनाच पाठवणार आहे, ऑर्डर फॉर्मवर क्रोमॅटोग्रामच्या फायली हव्यात असं वरच लिहून.