इ. स. १२९६ : देवगिरी आणि आळंदी

शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, महाराष्ट्रात दोन घटना घडल्या आणि दोन्ही यादव राजा रामदेवरायाच्याच राज्यात घडल्या. वर्षाच्या आरंभी प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी सुमारे आठ हजार स्वारांनिशी अचलपूरमार्गे यादवांच्या राजधानीवर, देवगिरीवर येऊन थडकला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. किल्ला अभेद्य होता, पण घाईने वर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. अफाट खंडणी घेऊन परतलेल्या अल्लाउद्दीनाने जुलैत चुलता आणि सासरा असलेल्या दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनाचा खून करवला आणि दिल्लीच्या वाटेवर सोने उधळीत तख्त गाठले.

त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला, इंद्रायणीकाठी आळंदीला, अवघ्या एकविसाव्या वर्षी ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. सहा वर्षांपूर्वी गीतेवरील टीका पूर्ण करताना त्यांनी न्यायाने राज्य करणारा म्हणून याच रामदेवरायाचा, म्हणजे रामचंद्राचा, गौरव केला होता. समाधीच्या दाराशी शिळा लावणारे निवृत्तिनाथ हे त्यांचे गुरू आणि थोरले बंधूही होते, हा तपशील मला दर वेळी अस्वस्थ करतो. एकीकडे पुतण्याने चुलत्याला संपवले आणि दुसरीकडे भावाने भावाला निरोप दिला. देवगिरीच्या लुटीतून दिल्लीचे तख्त विकत घेता आले, परंतु यादवांची सत्ता पुढे जेमतेम दोन दशके टिकली. आळंदीत मात्र त्या त्रयोदशीला आजही वारकऱ्यांची दाटी होते, म्हणून १२९६ हे वर्ष मी आधी आळंदीचे मानतो.