छातीएवढ्या लाटेपर्यंत जायचं तर: गोवा, मुल्की की श्रीलंका?

गोव्यात सर्फिंगचे दोन-चार धडे झालेत, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसावर बोर्डावर उभं राहता येतंय, आणि आता त्यापलीकडच्या हिरव्या, न फुटलेल्या, छाती-डोक्याएवढ्या लाटा खुणावताहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अशी मंडळी आता भेटू लागलीत आणि विचारणा एकच असते: पुढची रजा आणि पैसे कुठे घालू? महिन्यातून एकदा चोर्ला घाट उतरून गोवाच करत राहू, मंगळूरजवळच्या मुल्कीला आठवडाभर तळ ठोकू, की सरळ श्रीलंका गाठू?

माझं मत आधीच सांगून टाकते. मागून कुणी न ढकलता, स्वतःच्या हातांनी पाणी मारून न फुटलेली लाट पकडता येत नसेल, तर श्रीलंकेचं तिकीट काढू नका. मुल्कीला जा. आणि मुल्कीच्या आधी दोन महिने तरी गावातल्या पोहण्याच्या तलावात घाम गाळा. गोवा वाईट नाही, पण तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे ओळखून जायला हवं.

मोठी लाट म्हणजे किती मोठी, हे आधी बघू. सर्फिंग करणारे लाट अंगावर मोजतात: गुडघाभर, कंबरेएवढी, छातीएवढी, डोक्याएवढी. गुडघ्यावरून कंबरेवर गेलात की उंची दुप्पट होते, पण ताकद चौपट, कारण लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. म्हणून ‘कंबरेएवढी जमली, आता डोक्याएवढी’ असा हिशेब पाण्यात चालत नाही. दुसरी गोष्ट सेकंदांची. अंदाजात ‘दीड मीटर, 8 सेकंद’ लिहिलेलं असतं किंवा ‘दीड मीटर, 14 सेकंद’. म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते. आठवाली जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ असते. चौदावाली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून हजारो किलोमीटर चालत आलेली असते, आणि उंची तेवढीच असली तरी खोल समुद्रात ती पावणेदोनपट ऊर्जा घेऊन येते. किनाऱ्याजवळ ती आठवालीपेक्षा जास्त उंच उभी राहते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचे समुद्राचे अंदाज फुकट बघायला मिळतात. निघण्याआधी उंचीबरोबर तो सेकंदांचा आकडाही वाचा.

गोवा

जवळ, ओळखीचं, खिशाला झेपणारं. मांद्रे, आश्वे, मोरजी, हरमल या पट्ट्यात शिकवणारे आहेत, खाली वाळू आहे, पडलं तरी खरचटण्यापलीकडे सहसा काही होत नाही. पण नोव्हेंबर ते मार्च लाट बहुतेक दिवस गुडघा ते कंबर, तीही मऊ. उभं राहायला शिकायला उत्तम, मोठ्या लाटेची सवय व्हायला अपुरी.

आपल्याकडच्या लोकांची फसगत होते ती वेळेत. पहाटे निघायचं, जांबोटीला चहा, कणकुंबीला पोरांसाठी थांबायचं (मलप्रभा तिथे उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, याचं मला दरवेळी नवल वाटतं), मग घाट, मग पार्किंग. पाण्यात पाय पडेपर्यंत साडेदहा-अकरा. आणि पश्चिम किनाऱ्यावर नेमका तेव्हा वारा फिरतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेची भिंत गुळगुळीत धरून ठेवतो. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुटतो आणि तीच लाट भुसभुशीत होऊन कशीही कोसळते. म्हणजे तीन-साडेतीन तास गाडी मारून आपण दिवसातला सगळ्यात रद्दी वेळ विकत घेतो. जायचंच तर शनिवारी संध्याकाळी उतरा, तिथेच झोपा, रविवारी उजाडताना पाण्यात असा आणि दहाला बाहेर या. जेवायला वेळच वेळ उरतो.

गोकर्णाचंही थोडंफार असंच. कुडले आणि गावाच्या मोठ्या किनाऱ्यावर शिकता येतं, गर्दी कमी, पण लाटेची जात गोव्याचीच.

मुल्की

उडुपी आणि मंगळूरच्या मध्ये, महामार्ग 66 वर. रात्रीची मंगळूर बस धरली की सकाळी तिथे. देशातल्या सर्वांत जुन्या सर्फ क्लबांपैकी मंत्रा सर्फ क्लब इथलाच, 2004 चा. जवळच्या ससिहित्लूला 2016 मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग भरली होती. राहणं आश्रमाच्या वळणाचं, जेवण शाकाहारी. संध्याकाळी तळलेल्या बांगड्यांची आस असेल तर बाहेर जावं लागतं. भाषा तुळू, पण कन्नड सगळ्यांना येतं. आपल्या बेळगावी कन्नडला ते हसतात, पण अडत काही नाही.

मुल्कीला मी झुकतं माप देते त्याचं कारण लाटा फार मोठ्या आहेत हे नाही. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये इथे कंबरेपासून डोक्यापर्यंत सगळ्या मापांचे दिवस मिळू शकतात, आणि आठवडाभर राहिलात की ती मापं एकामागून एक अंगावर येतात. सोमवारी कंबर, बुधवारी छाती, गुरुवारी पुन्हा लहान. अंग आणि डोकं दोघांनाही मुरायला वेळ मिळतो. हिशेब करून बघा: दोन तास पाण्यात काढले तरी शिकणाऱ्याच्या वाट्याला आठ-दहा लाटा येतात आणि एकेकीवर उभं राहणं दहा सेकंदांचं. म्हणजे प्रत्यक्ष सर्फिंग दोन मिनिटंसुद्धा नाही. महिन्यातून एकदा दोन मिनिटं करून कुणाला काय येणार? सलग सात दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ, यात जे साचतं ते सुट्या रविवारांनी साचत नाही.

इथलं पाणी शिस्तही लावतं. ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. मुखाशी वाळूचे बांध बनतात, मोडतात, जागा बदलतात. कालची लाट आज तिथेच फुटेल याची खात्री नसते, त्यामुळे काठावर बसून पंधरा मिनिटं बघावंच लागतं: संच (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचा घोळका) केव्हा येतो, त्यात किती लाटा, दोन संचांच्या मध्ये किती उसंत, कोणत्या पट्ट्यात पाणी न फुटता गडद दिसतंय. तो गडद, शांत पट्टा बहुतेक वेळा बाहेर ओढणारा प्रवाह असतो. बोर्ड पायाला बांधून त्यातून आत जाणं सोपं जातं. बोर्ड नसलेल्या माणसाने मात्र तिथे पाऊल टाकू नये, आणि सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत न बसता आडवं पोहत त्यातून बाहेर पडावं.

आता आत जाण्याचं. पांढरा फेस समोरून येतोय आणि हातात आठ-नऊ फुटी मऊ बोर्ड आहे. या बोर्डाचं पुढचं टोक दाबून तो लाटेखालून नेता येत नाही, जाड फोमचा असल्याने तो तरंगून वरच येतो. म्हणून उलटं व्हायचं: फेस दोन हातांवर आला की बोर्डाच्या कडा घट्ट धरायच्या, श्वास घ्यायचा, एका कुशीवर पलटून बोर्ड डोक्यावर घ्यायचा, कोपर किंचित वाकवून बोर्ड छातीकडे खेचायचा आणि गडगडाट वरून जाऊ द्यायचा. मग पलटून लगेच हात मारायला लागायचं, थांबायचं नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण छातीएवढ्या दिवशी हे जमलं नाही तर लाटा फुटतात तिथवर पोहोचताच येत नाही. मुल्कीतल्या पहिल्या दोन दिवसांत फक्त हेच केलंत तरी पैसे वसूल.

श्रीलंका

सांबऱ्याच्या विमानतळावरून बंगळूर, तिथून कोलंबो. ऐकायला वाटतं तेवढं लांब नाही. खर्च अर्थातच वेगळा. सोय अशी की या बेटावर वर्षभर कुठेतरी हंगाम असतो: नोव्हेंबर ते एप्रिल नैर्ऋत्य किनारा म्हणजे वेलिगामा, मिदिगामा, हिक्कडुवा. मे ते सप्टेंबर पूर्वेचं अरुगम बे. आपला किनारा पावसाने बंद असतो तेव्हा नेमकं ते उघडं.

वेलिगामाचा उपसागर वाळूचा आणि शिकाऊंनी खचाखच भरलेला. फक्त तिथेच जाणार असाल तर गोवा काय वाईट? खरी किंमत मिदिगामाच्या खडकांवर आणि अरुगम बेच्या मेन पॉइंटवर वसूल होते. खडकाळ तळाची किंवा भूशिराला वळसा घालून येणारी लाट दरवेळी जवळपास त्याच जागी फुटते, तशीच सोलत जाते, आणि बाजूला खोल पाण्याची वाट असते जिथून फेसाशी न झगडता आत जाता येतं. एकच गोष्ट पुन्हापुन्हा घोटायला मिळते: तिरकं उतरणं, लाटेच्या भिंतीवर राहणं, वळणं. वाळूच्या लाटेवर हे शिकायला जेवढा काळ जातो त्याच्या निम्म्यातही इथे जमू शकतं.

पण खाली खडक आहे, सागरी साळू (काटेरी सी-अर्चिन) आहेत, पाणी उथळ आहे. पडताना सूर मारायचा नाही, पसरून सपाट पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर. शिवाय रांगेचा नियम तिथे कडक पाळतात. फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याची लाट, तुम्ही मध्ये घुसलात तर ऐकून घ्यावं लागेल, आणि ते रास्तच. लाट स्वतः पकडता येत नसेल तर मेन पॉइंटवर तुम्ही इतरांच्या वाटेतला धोंडा. म्हणून माझी ती सुरुवातीची अट.

गावात राहून काय करता येतं

आपल्याकडे पोहायला येणारे पुष्कळ, पण बरेचसे विहिरीत डबा बांधून शिकलेले. पाण्याची भीती नसते, हे मोठंच भांडवल. अंतर मात्र कापता येत नाही, कारण विहिरीत अंतरच नाही. बेळगावात गोवावेसच्या किंवा केएलईच्या तलावात जाऊन फ्रीस्टाइलने चारशे-पाचशे मीटर न थांबता होईपर्यंत पोहा. मोठी लाट वेगाने धावते, हातांत जोर नसेल तर ती खालून निघून जाते, किंवा उशिरा पकडली जाते आणि नाकावर आपटवते.

लोक भितात ते पडण्याला नव्हे, पाण्याखाली अडकण्याला. पुढच्या वेळी पडलात की आत मनातल्या मनात आकडे मोजा. छातीएवढ्या लाटेत मोजणी सहसा सहा-सातच्या पुढे जात नाही, आणि एवढा वेळ दम कुणालाही धरता येतो. धडपडलात तर तोच वेळ दुप्पट वाटतो. दम वाढवायचा सराव जमिनीवर चालताना करा. तलावात एकट्याने दम धरून खाली बसण्याचे प्रयोग अजिबात नकोत, त्यात शुद्ध हरपून माणसं दगावतात.

आणि नजर. उतरताना बोर्डाच्या टोकाकडे बघितलं की टोक बुडतं. चोर्ल्याच्या वळणावर गाडी जशी नजरेमागे जाते तसंच हे, जिथे जायचं तिकडे बघायचं.

बोर्ड विकत घेऊ नका, एवढ्यात तर नाहीच. तिन्ही ठिकाणी भाड्याने मिळतो, आणि तो गाडीच्या टपावरून घाटातून नेण्या-आणण्यात हौसेपेक्षा ताप जास्त. मऊ नऊफुटीवरून खाली यायचं तर साडेसात-आठ फुटांवर या. इन्स्टावरच्या पोरांचा सहा फुटी बोर्ड बघून मोह होतो, पण तो लाट पकडायला इतका अवघड की सगळी सहल पाण्यात नुसतं बसून जाईल.

मग कुणी काय करावं

नोकरी अशी की सलग रजाच मिळत नाही: गोवा, पण रात्रीच्या मुक्कामासह, आणि आठवड्यातून तीनदा तलाव. वर्षाने कंबरेएवढ्या हिरव्या लाटा जमतील, त्यापुढचं अवघड. ऑक्टोबरात दसरा-दिवाळीच्या आसपास आठवडा मिळतोय: मुल्की, दुसरा विचार नको. मुल्की एकदा झाली, लाट स्वतः पकडता येते, तिरकं उतरता येतं: जानेवारी-फेब्रुवारीत मिदिगामा, आणि पहिले दोन दिवस वेलिगामात हात मोकळे करायला. थेट अरुगम बे त्यानंतरच्या वर्षी.

जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर लाल बावटे असतात. त्या काळात ‘आता लाटा मोठ्या आहेत’ म्हणून गोव्याला धावणारे शहाणे दरवर्षी भेटतात. पावसाळी समुद्रात लाटेला ना आकार असतो ना उसंत, शिकण्यासारखं तिथे काही नाही.

मुल्कीला फोन कराल तेव्हा दराच्या आधी तीन गोष्टी विचारा: एका शिक्षकामागे पाण्यात किती जण, लाट मोठी झाली तर शिक्षक तुमच्याबरोबर आत येतो की काठावरून ओरडतो, आणि फेसाच्या पलीकडे नेण्याआधी तो तुमचं पोहणं तपासतो का. तिसऱ्याला ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. आणि परतीची बस शक्यतो शनिवारची घ्या, रविवार घरी काढा. नाकात शिरलेलं खारं पाणी दिवसभर कधीही सुटतं, आणि सोमवारी सकाळी दुकानाचं शटर उचलायला वाकलात की भसकन बाहेर येतं, तेही बरोबर गिऱ्हाईक समोर असताना.